मेक्सिकोतील मृतांचा सण व मुलांची समजूत

घरात मृत्यू झाला म्हणजे मोठ्या माणसांच्या हातून जी पहिली व्यवस्था होते ती लहान मुलांस शेजारच्या बिऱ्हाडी पाठविण्याची. तेथे त्यांस खाऊ मिळतो, खेळावयास सोबती मिळतात. आणि सायंकाळी परत आल्यावर आजोबांची खाट उचललेली, कोपऱ्यात दिवा लावलेला व आई डोळे पुसत असलेली दिसते. “आजोबा कोठे गेले?” या प्रश्नाचे “देवाघरी” हे उत्तर ठरलेले आहे. “मग परत कधी येणार?” या पुढच्या प्रश्नास मात्र उत्तर नाही, म्हणून “जा, खेळ जा” असे म्हणून आपण त्याची बोळवण करतो. यात क्रौर्य नसते, मायाच असते, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या परंपरेत नचिकेत नावाचा मुलगा यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, आणि पुढे गाई, हत्ती, दीर्घायुष्य ही सारी प्रलोभने बाजूस सारून त्याने खुद्द यमाकडूनच या प्रश्नाचे उत्तर मिळविले, त्या परंपरेतील घरांत मुलाच्या तोंडचा हा प्रश्न इतका अवघड का व्हावा, याचे आम्हांस नवल वाटत आले आहे.

या प्रश्नाची वासलात निराळ्या रीतीने लावणारा एक देश पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस आहे. मेक्सिको देशात दरवर्षी नोव्हेंबरच्या १ व २ तारखांस मृतांचा सण होतो. पहिला दिवस मृत बालकांचा व दुसरा मोठ्या माणसांचा. घरोघर एक मेज किंवा पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करतात. तिला तेथे ‘ओफ्रेंदा’, म्हणजे नैवेद्य, म्हणतात. तीवर मृतांची छायाचित्रे, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मीठ, कोपाल नामक झाडाच्या डिंकाचा धूप, कातरलेल्या रंगीत कागदाच्या पताका, वर हाडांच्या आकाराची नक्षी असलेला गोड पाव आणि त्या त्या माणसाच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. बालकांच्या नैवेद्यात तिखट घालीत नाहीत. दूध, मिठाई, चिमुकली भांडी व खेळणी मांडतात. घरापासून रस्त्यापर्यंत पिवळ्या पाकळ्यांची वाट घालतात, हेतू हा की येणाऱ्याने चुकू नये. ही फुले कोणती म्हणाल, तर आपण दसऱ्यास ज्याची तोरणे बांधतो तो झेंडूच होय. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. युरोपीय दर्यावर्दी लोकांनी नव्या जगाचा मार्ग खुला केल्यानंतर ते आपल्याकडे आले. तेथील नाहुआत्ल भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘वीस फूल’ असा असून त्याचेच आजचे रूप ‘सेम्पासुचिल’ हे आहे. आपल्या दारी जे फूल विजयाचे, तेच त्यांच्या दारी पितरांच्या वाटेचे.

या सणाचा इतिहास पाहू गेल्यास प्रथम स्पॅनिश स्वारीपूर्वीच्या काळात जावे लागते. मेक्सिका, ज्यांस आपण आझ्टेक म्हणतो, त्यांचे वर्ष वीस वीस दिवसांच्या अठरा महिन्यांचे असे व शेवटी पाच दिवस अशुभ मानून वेगळे ठेवलेले असत. बेर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन साधूने तद्देशीय वृद्धांस विचारून सोळाव्या शतकात बारा भागांचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यावरून त्या लोकांच्या मरणोत्तर गतीच्या कल्पना कळतात. माणूस कसा जगला यापेक्षा तो कसा मेला, यावर त्याचे गंतव्य ठरे. रणात पडलेले वीर आणि प्रसूतीत वारलेल्या स्त्रिया सूर्याकडे जात. बुडून मेलेले पर्जन्यदेवाच्या हिरव्या लोकी जात. साध्या आजाराने मेलेल्यांस मात्र मिक्तलान या अधोलोकाची चार वर्षांची बिकट वाट चालावी लागे. वाटेत एक नदी लागे आणि ती पार करण्यास माणसास त्याचा कुत्रा साहाय्य करी. आईच्या अंगावर पीत असताच दगावलेल्या अर्भकांसाठी तर एक वेगळीच जागा होती. तेथे एक झाड असून त्यातून दूध झिरपते व बालके त्याखाली तोंडे उघडून राहतात, असे चित्र व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील एका जुन्या हस्तलिखितात आजही पाहावयास मिळते. ज्याने हे झाड प्रथम कल्पिले त्याने रिकाम्या कुशीची आई जवळून पाहिली असली पाहिजे.

१५२१ च्या ऑगस्टमध्ये कोर्तेसने तेनोच्तित्लान ही राजधानी घेतली आणि १५२४ साली बारा फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक येऊन दाखल झाले. त्यांच्यासमवेत सर्व संतांचा दिवस व सर्व मृतात्म्यांचा दिवस हे दोन ख्रिस्ती सणही आले. यांपैकी दुसरा २ नोव्हेंबर रोजी पाळण्याची चाल फ्रान्समधील क्लूनीच्या मठात ओदिलो या मठाधिपतीने इसवी सन १००० च्या सुमारास पाडली होती. इकडे आझ्टेकांच्या पंचांगातही लागोपाठच्या दोन महिन्यांत मृतांचे दोन उत्सव होते. एक लहान मृतांचा व एक थोर मृतांचा. हे दोन प्रवाह एकत्र कसे आले, याची साक्ष दिएगो दुरान या डोमिनिकन साधूने ठेविली आहे. हा स्पेनमध्ये जन्मला, परंतु बालपणीच मेक्सिकोत आल्यामुळे तेथील भाषा त्यास अवगत होती. सर्व संतांच्या दिवशी लोक कोको, मेण, पक्षी, फळे व अन्न अर्पण करताना पाहून त्याने कारण विचारले. हे मुलांप्रीत्यर्थ आहे, पूर्वीपासून असेच करीत आलो, असे उत्तर मिळाले. उद्या मृतात्म्यांच्या दिवशीही अर्पण करणार काय, असे विचारता, होय, ते मोठ्यांप्रीत्यर्थ, असे लोकांनी सांगितले. जुना उत्सव आपल्या मूळच्या तिथीवरून हलवून ख्रिस्ती सणाच्या आश्रयास आणिला आहे, असा दुरानचा संशय होता व त्याचे त्यास दुःख झाले. परधर्मीय अधिकाऱ्याचे दुःख हेच कधीकधी इतिहासाचे सर्वांत विश्वसनीय साधन ठरते, त्याचा हा एक नमुना होय.

तथापि येथे सावधगिरीची आवश्यकता आहे. हा सण म्हणजे तीन हजार वर्षांचा अखंड आझ्टेक वारसा, असे जे हल्ली सर्रास सांगण्यात येते ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. साखर व गहू हे स्पॅनिश लोकांबरोबर आले; मेणबत्ती, घंटा, कबरस्तानातील प्रार्थना ही ख्रिस्ती आहेत; आणि मृतांच्या दिवशी हाडांच्या आकाराची मिठाई करण्याची चाल खुद्द स्पेनमध्येही आहे. एल्सा माल्व्हिदो या मेक्सिकन इतिहासकर्त्रीने तर सणाचे मूळ युरोपीयच होय, असे प्रतिपादिले. उलटपक्षी झेंडू, कोपाल, मक्याचे तामाले आणि मुलांचा व मोठ्यांचा दिवस वेगळा ठेवण्याविषयी दुरानने ऐकलेले उत्तर, यांचा निकाल केवळ युरोपच्या आधारे लागत नाही. आमच्या मते या वादात वंशावळीइतकेच महत्त्व परिस्थितीस दिले पाहिजे. १५२० ची देवीची साथ, १५४५ पासूनची व पुन्हा १५७६ पासूनची महामारी, यांनी त्या देशातील मूळ लोकसंख्येचा फार मोठा भाग नाहीसा केला. गावेच्या गावे ओस पडली. ज्या समाजात पुरणाऱ्यांपेक्षा पुरावयाचे अधिक झाले, त्याने मृतांचा दिवस घट्ट धरून ठेविला यात आश्चर्य ते कोणते? धर्मोपदेशकांनी तिथी दिली; ती भरून काढण्याइतके मृत प्रत्येक घरी होते.

मुलांचा या सणाशी संबंध केवळ मृत म्हणून नाही, तर जिवंत म्हणूनही फार जुना आहे. १७६० नंतरच्या दशकात फ्रान्सिस्को दे आहोफ्रीन हा कॅपुचिन साधू मेक्सिकोत हिंडत होता. त्याने लिहून ठेविले आहे की, मृतांच्या दिवसापूर्वी बाजारात साखरेच्या लगद्याची कोकरे व इतर असंख्य चित्रे विकावयास येतात आणि ओळखीच्या घरच्या मुलामुलींस ती देणे हे कर्तव्यच समजले जाते. शिवाय शवपेट्या, थडगी, पाद्री, जोगिणी, बिशप व घोडेस्वार हेही साखरेचेच विकतात व व्यापाऱ्यांच्या कमानींखाली मोठी जत्रा भरते. आपल्याकडे संक्रांतीस हलवा व दिवाळीस साखरेची चित्रे मुलांच्या हाती पडतात, तशी तेथील मुलांच्या हाती शवपेटी पडे! तोलुका शहरात या साखरकामाचा बाजार अद्याप भरतो. पुढे साखरेच्या कवट्यांस विशेष मान मिळाला. त्यांच्या कपाळावर रंगीत पट्टी लावून नाव लिहितात, आणि यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते नाव पुष्कळदा मृताचे नसून जिवंत मित्राचे, भावंडाचे, स्वतः त्या मुलाचे असते. सहा वर्षांचा मुलगा आपल्या नावाची कवटी हातात घेतो, हसतो व खाऊन टाकतो. हे पाहून आपल्या अंगावर काटा येईल. परंतु मर्त्यत्वाचा पहिला धडा याहून सौम्य पाटीवर कोणी लिहिला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

या गोडव्याच्या मुळाशी काय होते ते विसरता कामा नये. मागील शतकांत मेक्सिकोत बालमृत्यू ही नित्याची गोष्ट होती. बाप्तिस्मा झालेले निष्पाप मूल थेट स्वर्गात जाते, म्हणून त्यास ‘आन्हेलितो’, छोटा देवदूत, म्हणत. त्यास संतांसारखी वस्त्रे व कागदी फुलांचा मुकुट घालीत, वाद्ये वाजवीत, आणि आईने फार रडू नये, तिच्या आसवांनी त्याचे पंख भिजून त्यास उडता येणार नाही, असे सांगत. हालिस्को प्रांतातील आमेका गावच्या हुआन दे दिओस माचाइन या छायाचित्रकाराने अशा बालकांची चित्रे घेतली आहेत. त्यांत कित्येकदा मृत मुलाभोवती त्याची भावंडे उभी दिसतात. रडू नको, असे आईस सांगणे कितपत योग्य याविषयी आम्ही साशंक आहो. दुःखावर असा हुकूम चालत नाही, आणि चालविला तर ते आत कुजते. पण एक गोष्ट निर्विवाद आहे की, त्या चित्रांतील भावंडांस कोणी शेजारी पाठविले नव्हते.

सणाची हसरी बाजू जगास परिचित झाली ती होसे ग्वादालुपे पोसादा या खोदचित्रकारामुळे. १८५२ साली आग्वासकालियेंतेस येथे जन्मलेल्या या कारागिराने स्वस्त छापील पत्रकांसाठी सांगाड्यांची शेकडो चित्रे कोरली. राजकारणी, सरदार, सायकलवाले, फेरीवाल्या बाया, सर्वांस त्याने हाडांपर्यंत सोलून एका पंक्तीस बसविले. १९१३ साली तो दारिद्र्यात वारला; त्याच्या कबरीवर कोणी हक्क न सांगितल्यामुळे काही वर्षांनी अस्थी सामाईक खड्ड्यात गेल्या. त्याने कोरलेली पिसांच्या टोपीची नखरेल कवटी पुढे दिएगो रिव्हेराने उचलली. १९४७ च्या आपल्या सुमारे १५ मीटर लांबीच्या भित्तिचित्रात त्याने मेक्सिको शहरातील आलामेदा बागेत इतिहासातील सारी पात्रे रविवारी दुपारी फिरावयास आणिली आहेत. ऐन मध्यभागी ती सांगाडारूपी स्त्री थाटात उभी आहे. तिच्या एका हाताशी पोसादा आहे आणि दुसरा हात धरून उभा आहे तो एक गुबगुबीत मुलगा. त्याच्या एका खिशात बेडूक व दुसऱ्यात साप आहे. हा मुलगा म्हणजे स्वतः रिव्हेरा. त्याचा जुळा भाऊ कार्लोस दोन वर्षांचाही न होता वारला होता, हे ध्यानात आणिले म्हणजे त्या हातात दिलेल्या हाताचा अर्थ निराळ्या तऱ्हेने मनास भिडतो. १९८५ च्या भूकंपात ज्या हॉटेलात हे चित्र होते त्याची हानी झाली. तेव्हापासून ते स्वतंत्र संग्रहालयात ठेविले आहे.

१९१० च्या क्रांतीनंतरच्या राजवटींस राष्ट्राचे म्हणून एक चिन्ह हवे होते; ते त्यांस या सणात सापडले. शाळांतून ओफ्रेंदा मांडण्याची प्रथा पडली आणि मेक्सिकन मनुष्य मृत्यूशी थट्टा करितो, त्याच्या उशाशी निजतो, ही कल्पना दृढ झाली. ओक्ताव्हियो पास या कवीने, जे पुढे १९६२ ते १९६८ पर्यंत भारतात आपल्या देशाचे राजदूत होते, १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधग्रंथात या कल्पनेस भारदस्त रूप दिले. २००८ साली युनेस्कोने या सणाचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. २०१६ पासून राजधानीत निघणारी भव्य मिरवणूक मात्र आदल्या वर्षीच्या एका इंग्रजी चित्रपटातील देखाव्यावरून स्फुरलेली आहे! म्हणून स्टॅन्ली ब्रँडिस यांसारखे अभ्यासक बजावतात की, सणातील विनोदावरून मेक्सिकन लोकांस मृत्यूचे दुःखच होत नाही, असे अनुमान काढणे चुकीचे आहे. हे आम्हांस मान्य आहे. पात्स्क्वारो सरोवरातील हानित्सिओ बेटावर १ नोव्हेंबरच्या पहाटे आया व मुले बालकांच्या थडग्यांशी मेणबत्त्या लावून बसतात, तेथे हास्य नसते. थंडी असते, धूप असतो आणि मांडीवर पेंगुळलेले मूल असते. हसणे व जागणे ही दोन्ही मिळून सण होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुलांस यातून काय समजते? १९४८ साली मारिया नॉज या विदुषीने बुडापेस्टमधील तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांच्या कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुलांस मरण म्हणजे प्रवास किंवा झोप वाटते, व त्यातून परत येता येते असा त्यांचा समज असतो. पाच ते नऊ या वयात मृत्यू हा कोणी माणूस आहे, त्याच्यापासून निसटता येईल, असे वाटते. आणि त्यानंतरच तो अटळ व सर्वांचा आहे, हे उमगते, असे तिला आढळले. तेव्हा “देवाघरी गेले” हे आपले उत्तर सर्वांत लहान मुलाच्या चुकीच्या समजुतीस नेमके पुष्टी देणारे आहे, हे उघड होते. गेलेला येतो, तो का येत नाही? माझ्यावर रागावला काय? अशी शंका मुलाच्या मनात घर करिते, आणि ती विचारण्याची सोय आपण ठेवलेली नसते.

यावर कोणी म्हणेल, मेक्सिकोतील सण तरी दुसरे काय सांगतो? मृत परत येतात, हेच ना! आक्षेप बिनतोड दिसतो. परंतु जे सांगण्यात येते त्यापेक्षा जे करण्यात येते त्याकडे पाहावे. मूल आईबरोबर कबरस्तानात जाते, तण उपटते, दगड धुते, त्यावरील नाव वाचते. ज्या ठिकाणी आजी आहे ते ठिकाण त्यास माहीत असते. ते तिच्यापुढे पाव ठेविते व दुसऱ्या दिवशी तो तसाच असल्याचे पाहते. मोठी माणसे म्हणतात, तिने वास घेतला, आता आपण खाऊ. मृतांस भूक नाही, हे त्यास न सांगता कळते. येणे वर्षातून एकदाच व ठरल्या दिवशी, आणि त्यानंतर निरोप. म्हणजे उरलेले सारे दिवस आजी येणार नाही, हेही त्यात आलेच. शेजाऱ्यांच्या मेजावरही चित्रे आहेत, म्हणजे हे सर्वांच्या घरी होते. आणि साखरेच्या कपाळावर आपलेही नाव आहे. एकाही मोठ्या माणसाने प्रवचन न करिता अटळपणा, सार्वत्रिकता व परत न येणे, हे तीन कठीण धडे हाताच्या कामातून मुलाच्या पदरी पडतात. पुएब्ला शहरातील पालक व मुले यांविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही, मुलांस अशा विधींत सामील करून घेणे तेथील पालकांस उचितच वाटते, असे दिसून आले आहे.

आपणांस हा सण उसना घेण्याचे कारण नाही. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबरला फुले व मेणबत्त्या घेऊन कबरींवर जातातच. आणि आपला पितृपक्ष तर घरोघर आहे. पानावर आवडीचा पदार्थ, कावळ्याची वाट पाहणे, तीन पिढ्यांची नावे उच्चारणे, यांत मुलास दाखविण्याजोगे काय नाही? पण आपण त्यास “शिवू नको, लुडबुड करू नको” म्हणून दूर ठेवितो, आणि ती नावे संस्कृतात अशी पुटपुटली जातात की, ज्याचे नाव आजोबांवरून ठेविले त्यासही ते ऐकू येऊ नये.

याहूनही एक मोठी उणीव आम्हांस वाटते. दोन वर्षांखालील मुलास अग्नी नाही व उदकही नाही, असे मनुस्मृतीचे वचन आहे, आणि आजवरची रूढी बहुधा त्यास धरूनच चालत आली. शास्त्राची त्यात काही संगती असेल. तिच्याशी आम्हांस वाद घालावयाचा नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच मुलांतील सुमारे एक पहिल्या वाढदिवसापूर्वीच जात असे. आपल्या पणजीस किती मुले झाली, असे विचारल्यास “आठ झाली, चार राहिली” असे घरातील वृद्ध सांगतात. त्या न राहिलेल्या चारांची नावे मात्र कोणासही ठाऊक नसतात. त्यांस तिथी नव्हती, पान नव्हते. त्यांच्यामागे उरलेली जी भावंडे होती, ज्यांनी एके सकाळी रिकामा पाळणा पाहिला, त्यांसही विचारावयाची जागा नव्हती; तीच पुढे आपले आजे व आज्या झाली. मेक्सिकोने मात्र आपल्या सणाचा पहिला दिवस नेमका या चिमण्यांस देऊन ठेविला आहे.

येत्या भाद्रपदात घरी पान वाढले जाईल तेव्हा मुलास जवळ बोलवावे, ज्यांच्यासाठी ते वाढले त्यांचे नाव मराठीत सांगावे, त्यांस काय आवडत असे, ते कसे वारले, हे सांगावे, आणि “परत कधी येणार?” असे त्याने विचारलेच, तर “येणार नाहीत, बाळ, म्हणून तर आपण त्यांची आठवण काढतो” असे त्याच्याकडे पाहून म्हणावे. ते रडले तर रडू द्यावे. घरात एखादे लहानगे गेले असेल, तर त्याचेही नाव त्या दिवशी एकवार घ्यावे. इतके झाले तर ते पोर शेजारी पाठवावे लागणार नाही.